फोडणीच्या वासाने उपास मोडतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रात्री आठला जेवण, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. मधले सोळा तास फक्त पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. अडचण अशी की सकाळी साडेनवाला आई आमटीला फोडणी देते, तुम्ही घरून काम करता, आणि लसूण-कढीपत्त्याचा वास सरळ तुमच्या टेबलापर्यंत येतो. त्यात कुठेतरी वाचलंत की उपाशी माश्यांना नुसता अन्नाचा वास दिला तरी उपासाचा फायदा जातो. म्हणून विचारताय, हे खरं का, आणि नाकाला चिमटा लावून बसू का? शेवटी हसण्याची खूण टाकून एक ओळ आहे: ‘बाबांना (वय ७१) गेलं वर्षभर कसलाच वास येत नाही, म्हणजे ते शंभरी गाठणार वाटतं!’

त्या शेवटच्या ओळीकडे मी परत येणार आहे, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पण आधी चिमट्याचं बघू.

मी गेली एकोणीस वर्षं फळमाश्यांच्या म्हातारपणावर काम करते. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं. त्यामुळे माश्यांबद्दल जे सांगेन ते हाताखालून गेलेलं आहे. उंदरांबद्दल वाचलेलं सांगेन, पण प्रयोग कसे फसतात हे ठाऊक असलेल्या नजरेने वाचलेलं. माणसांबद्दल बोलताना मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा.

चिमटा लावू नका. पण तुम्ही वाचलंत ते खोटंही नाही.

तो प्रयोग २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. स्कॉट प्लेचर तेव्हा ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये होते (नंतर ते मिशिगन विद्यापीठात गेले), आणि त्यांच्या गटातला सर्गेई लिबर्ट हा या कामाचा पहिला लेखक. पार्श्वभूमी जुनी आहे. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवलं होतं की उंदरांना कुपोषण होणार नाही अशा बेताने कमी खायला घातलं तर ते जास्त जगतात. माश्यांमध्येही तसंच होतं. त्यांच्या खाद्यात साखर आणि यीस्ट असतं, त्यातलं प्रमाण उतरवलं की आयुष्य वाढतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की पोटात कमी गेलं म्हणून हा परिणाम होतो. प्लेचरच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला. पोटात तेवढंच जाऊ दे, पण नाकाला वाटलं की जवळपास भरपूर अन्न आहे, तर?

त्यांनी कमी खाद्यावरच्या माश्यांना जिवंत यीस्टचा वास दिला, यीस्ट तोंडाला लागणार नाही अशा बेताने. कमी खाण्याने मिळालेलं जास्तीचं आयुष्य काही प्रमाणात परत गेलं. काही प्रमाणात, सगळं नव्हे. आणि भरपेट खाणाऱ्या माश्यांना तोच वास दिला तर असं काही झालं नाही. बातम्यांमधून नेमक्या या दोन गोष्टी गळतात, आणि तुमच्यासारखा माणूस चिमटा शोधायला लागतो.

याच कामाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माशीच्या वासाच्या बहुतेक सगळ्या ग्राहकांना (म्हणजे वास टिपणाऱ्या प्रथिनांना) एक सामाईक जोडीदार लागतो. त्याचं तेव्हाचं नाव ओआर८३बी, आता त्याला ऑर्को म्हणतात. तो जनुक मोडला की माशी जवळजवळ वासांध होते. अशा माश्या जास्त जगल्या, त्यांचा चयापचय बदलला, आणि ताण सोसायची ताकदही वाढली.

असं का व्हावं? माशीच्या बाजूने विचार करा. तिच्यापुढे सतत एकच हिशोब असतो: मिळेल ती ताकद आत्ता अंड्यांवर उधळायची, की शरीराच्या डागडुजीवर खर्च करून बरे दिवस येईपर्यंत तग धरायचा? सडक्या फळावर यीस्ट वाढतं आणि यीस्ट म्हणजे तिच्या अंड्यांसाठी प्रथिन. यीस्टचा वास आला म्हणजे हंगाम आलाय, आता राखून ठेवण्यात अर्थ नाही. घरात पाव्हणे येणार कळल्यावर आपण ठेवणीतले डबे उघडतो, तसंच. पाव्हणे दारात दिसेपर्यंत थांबत नाही. शरीरही पोटातल्या घासाची वाट बघत बसत नाही, आधीच अंदाज बांधून कामाला लागतं.

‘म्हणजे वास कमी तितकं आयुष्य जास्त’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. १९९९ मध्ये जेव्हिअर अ‍ॅपफेल्ड आणि सिंथिया केन्यन यांनी सी. एलेगन्स या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवलं की संवेदी पेशी बिघडलेले कृमी जास्त जगतात. माश्यांच्या प्रयोगाची प्रेरणा तीच होती. पण २००४ मध्ये जॉय अल्सेडो आणि केन्यन यांनी त्याच कृमीतल्या चव-वासाच्या पेशी लेझरने एकेक करून मारून पाहिल्या. काही पेशी गेल्या की आयुष्य वाढत होतं, आणि काही पेशी मुळात आयुष्य वाढवायचंच काम करत होत्या. त्या कृमीच्या अंगात मज्जापेशी फक्त ३०२. तिथेही ‘संवेदना वाईट’ असं सरसकट म्हणता येत नाही, तर आपल्या नाकाचं काय घेऊन बसलात.

प्लेचर यांच्या गटाचं पुढचं काम मला या २००७ च्या प्रयोगापेक्षाही आवडतं. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की पाण्याची चव ओळखणारा ग्राहक काढून टाकलेल्या माश्या बऱ्याच जास्त जगतात, एका प्रयोगात तर ४३ टक्क्यांपर्यंत. पाणी त्यांच्या समोरच असतं, त्या ते पितातही. पण पाण्याची चव लागत नसल्याने शरीराला वाटतं दुष्काळ आलाय. मग ते चरबी साठवायला लागतं, कारण चरबी जाळली की आतल्या आत पाणी तयार होतं. आपल्याकडच्या उंटाच्या गोष्टीसारखं. फक्त इथे दुष्काळ डोक्यातला.

त्याच वर्षी दुसरा प्रयोग आला. माशीचा नर मादीला पुढच्या पायांनी चाखतो, तिच्या अंगावरच्या मेणचट थरातले गंधद्रव्य पायाच्या केसांना कळतात. या लोकांनी जनुकं बदलून असे नर तयार केले की ज्यांच्या अंगाला मादीची चव येते, आणि त्यांच्या सोबतीला साधे नर ठेवले. बिचारे नर दिवसरात्र मादीची चव घेत राहिले, समागम मात्र नाही. त्यांची चरबी घटली, उपासमार सोसवेना, आयुष्य कमी झालं. आणि खऱ्या माद्यांशी समागम करू दिला तर हे नुकसान काही अंशी भरून आलं. वर्गात हे शिकवताना पोरं हसतात. मी त्यांना सांगते, हसा, पण ‘काही अंशी भरून आलं’ हे लिहून घ्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावतच शरीराला महाग पडते असा माझा त्यातून काढलेला अर्थ आहे. अर्थ माझा, प्रयोग त्यांचा.

२०१९ मध्ये तर त्यांनी दाखवलं की आसपास मेलेल्या माश्या पडलेल्या असतील तर जिवंत माश्यांचं आयुष्य घटतं. यात नजर महत्त्वाची ठरली, अंधारात ठेवल्यावर परिणाम गेला. आम्ही माश्या ठेवायच्या नळ्या बदलताना मेलेल्या माश्या मागे राहू नयेत म्हणून आधीपासून जपत होतो, पण ती शिस्त केवळ मोजणी चुकू नये म्हणून होती. तो लेख वाचल्यावर मी जुन्या वह्या काढून बसले होते, की कुठल्या प्रयोगात कोणी आळस केला होता.

तुमच्या सोळा तासांशी सगळ्यात जवळचं काम याच गटाचं, २०२३ चं आहे. खाद्यातली ठरावीक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कमी केली की माश्यांची भूक वाढते. त्यांनी पुढे जाऊन भुकेशी संबंधित मज्जापेशी लाल प्रकाशाने चेतवल्या. म्हणजे अन्न भरपूर, पण मेंदूला सतत वाटतंय भूक लागली आहे. अशा माश्यांनी इतरांपेक्षा जवळपास दुप्पट खाल्लं. एकादशी अन् दुप्पट खाशी! आणि तरीही त्या जास्त जगल्या. ज्यांनी आयुष्यभर कॅलरी मोजल्या त्यांना हे पचायला जड जातं. भुकेची जाणीव हीच वार्धक्यावर परिणाम करणारी गोष्ट असू शकते, पोटात किती गेलं हे नंतर, असं त्यातून दिसतं. माशीत.

आता ‘माशीत’ या शब्दावर थोडं थांबते, कारण या कामातले आकडे किती नाजूक असतात हे बाहेर कळत नाही.

आयुष्य मोजण्याचा प्रयोग ऐकायला सोपा असतो. एका नळीत वीस-पंचवीस माश्या, प्रत्येक गटाच्या दहा-बारा नळ्या, २५ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता, बारा तास उजेड, बारा तास अंधार. दर दोन-तीन दिवसांनी माश्या नव्या खाद्यावर घ्यायच्या आणि मेलेल्या मोजायच्या. दोन-अडीच महिने रविवार नाही, दिवाळी नाही. (खाद्य शिजवायच्या दिवशी मजल्यावर यीस्टचा असा वास सुटतो की आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशी विचारायच्या, ‘मॅडम, आज पाव भाजताय का?’ आता तुम्हीच सांगा, वास न दिलेला गट खरंच बिनवासाचा राहत असेल का!)

साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्या वासाच्या प्रयोगात यीस्टचा वास दिलेल्या माश्या ठळकपणे लवकर मरायला लागल्या. मी हुरळून गेले. तक्ते काढले, दोन ठिकाणी दाखवलेही. मग एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की वासाच्या सगळ्या नळ्या वरच्या फळीवर, पंख्याच्या तोंडाशी होत्या. तिथलं खाद्य लवकर सुकत होतं. फळ्या आलटून पालटून तोच प्रयोग पुन्हा केला तर फरक जवळजवळ विरला. चूक माझीच होती, नळ्या मीच लावल्या होत्या. तेव्हापासून कोणाचाही वीस टक्क्यांचा आकडा दिसला की मी आधी विचारते, नळ्या कुठे ठेवल्या होत्या? जनुकांच्या प्रयोगात दुसरी गोम असते. ज्या वाणात जनुक मोडला तो वाण आधीच अशक्त किंवा दणकट असेल, तर फरक जनुकाचा की वाणाचा हे कळायला पिढ्यानपिढ्या संकर करून पार्श्वभूमी सारखी करून घ्यावी लागते. चांगल्या प्रयोगशाळा ते करतात. प्लेचर यांचा गट यात काटेकोर मानला जातो, म्हणून तर त्यांचे निकाल मी इतक्या विश्वासाने सांगते आहे.

उंदरांत काय? २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झॅकरी नाइट यांच्या गटाने भुकेल्या उंदराच्या मेंदूतल्या भूक जागवणाऱ्या पेशींवर नजर ठेवली. अन्न नुसतं दिसलं, एक कणही तोंडात गेला नव्हता, तरी काही सेकंदांत त्या पेशी शांत झाल्या. अन्न काढून घेतलं की पुन्हा जाग्या. २०१८ मध्ये जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत दिसलं की अन्न पाहून-हुंगूनच उंदराचं यकृत पुढच्या कामाची तयारी सुरू करतं. म्हणजे अंदाज बांधून कामाला लागणं ही काही फक्त माशीची खोड नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनावरच्या अशाच कामासाठी मिळालं होतं. तुमच्या तोंडाला फोडणीने सुटणारं पाणी हा त्याचाच घरगुती नमुना.

२०१७ मध्ये बर्कलीच्या अँड्र्यू डिलिन यांच्या गटाने वासाच्या पेशी मारलेल्या उंदरांना चरबीयुक्त खाद्य घातलं. साधे उंदीर फुगून जवळपास दुप्पट वजनाचे झाले, वासांध उंदीर तेवढंच खाऊन बारीक राहिले. या प्रयोगावरून ‘नाक बंद, वजन कमी’ अशा मथळ्यांचं पेव फुटलं होतं. अंगाने बारीक राहणं वेगळं आणि जास्त जगणं वेगळं. शिवाय त्या उंदरांमध्ये नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक बरंच वाढलं होतं, आणि ते वाढणं हृदयासाठी काही चांगलं लक्षण नव्हे.

आता तुम्ही. तुमची परिस्थिती माशीपेक्षा तीन बाबतींत वेगळी आहे. प्रयोगातल्या माशीला तो वास दिवसरात्र होता, तुम्हाला सकाळची वीस मिनिटं. माशीचं खाद्य खरोखर कमी केलेलं होतं. तुम्ही बारानंतर आठपर्यंत एकूण किती खाता हे लिहिलेलंच नाही, आणि तेच आधी बघायला हवं. माझ्या ओळखीतले निम्मे सोळा-तासवाले आठ तासांत आधीइतकंच खातात. तिसरं म्हणजे माणसात कमी खाण्याने आयुष्य वाढतं हेच अजून कोणी मोजून दाखवलेलं नाही. अमेरिकेत कॅलेरी नावाची दोन वर्षांची चाचणी झाली, २१८ निरोगी माणसांवर. २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, लोकांना जमलं सरासरी १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे सुधारलं. ते घरादारात, स्वयंपाकाच्या वासात राहूनच सुधारलं, कोणाच्याही नाकाला चिमटा नव्हता.

तेव्हा फोडणीने तुमचा उपास जैविक अर्थाने मोडत असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. फोडणीच्या वासाने तुम्ही साडेदहालाच ताट वाढून घेत असाल तर मोडतो. मग टेबल आतल्या खोलीत न्या, किंवा सरळ जेवणाची वेळ बदला, सकाळी दहा ते सहा करा. आईला वेळ बदलायला सांगू नका, निदान माझ्या नावावर नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या सगळ्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि आता बाबा.

तुमच्या विनोदामागचा तर्क मला कळतो: वासांध माशी जास्त जगते, बाबा वासांध आहेत, म्हणून बाबा जास्त जगतील. पण त्या माशीला जन्मापासून वास नव्हता, बाकी शरीर धडधाकट होतं. बाबांचा वास सत्तराव्या वर्षी *गेला* आहे. काहीतरी बिघडल्याशिवाय तो जात नाही. आणि माणसांतले आकडे अगदी उलट दिशेचे आहेत. २०१४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या जयंत पिंटो आणि सहकाऱ्यांनी ५७ ते ८५ वयाच्या ३,००० हून अधिक अमेरिकनांचा अभ्यास छापला. सुरुवातीला वास ओळखण्याची छोटी चाचणी घेतली आणि पाच वर्षांनी पाहिलं कोण हयात आहे. वास नीट येणाऱ्यांपैकी १० टक्के, कमी येणाऱ्यांपैकी १९ टक्के आणि अजिबात न येणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक वारले होते. वय आणि इतर आजार हिशोबात धरले तरी फरक उरलाच. त्यांच्या मते वास जाणं हे मृत्यूचं कारण नसावं, आत कुठेतरी चाललेल्या पडझडीची ती खूण असावी. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. शरीराची डागडुजी मंदावली की तिथे लवकर कळत असेल, असा एक तर्क आहे.

हे वाचून घाबरू नका. वास जाण्याची साधी कारणं बरीच आहेत: सर्दी-सायनस, नाकात वाढलेले मांसल कोंब (पॉलिप), एखादा विषाणू. वर्षभरापूर्वी बाबांना कोविड किंवा जोराची सर्दी झाली होती का ते आठवा. पण पार्किन्सन आणि अल्झायमरमध्येही वास इतर लक्षणांच्या कितीतरी आधी जाऊ शकतो. त्यामुळे ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडण्यासारखं हे नाही. या आठवड्यातच त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. जाताना हात थरथरतात का, चव लागते का, वजन उतरलंय का, हे लिहून न्या. बाबा नुसते ‘बरा आहे’ म्हणतील, सगळे बाबा तेच म्हणतात.

घरी दोन गोष्टी आज करा. गॅस गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन घालतात, ते बाबांना कळणार नाही. तुम्ही आणि आई बाहेर असताना ते घरी एकटे चहा करत असतील तर गळती ओळखणारं यंत्र बसवून घ्या. शिळं-आंबलेलंही त्यांना कळणार नाही, म्हणून फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा टाका.

डॉक्टरांनी विषाणूचं कारण सांगितलं तर बहुधा वासाचा सराव करायला सांगतील. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचे, निदान तीन महिने. सगळ्यांना गुण येत नाही, पण बऱ्याच जणांना येतो आणि खर्च नगण्य. लिंबू आणि लवंग आईच्या ओट्यावर आहेतच. सकाळची वेळ फोडणीच्या आसपास ठेवा. तुम्ही आतल्या खोलीत गेलात की तुमची खुर्ची बाबांना मोकळी होईल.